वास्कोत बसून कोळसा खाणीतला मिथेन शोधायचा असेल तर

वास्कोत राहणाऱ्याला कोळशाची ओळख करून द्यावी लागत नाही. बलकांवाच्या, म्हणजे घरापुढच्या व्हरांड्याच्या, कठड्यावरून बोट फिरवलं की झाली ओळख. मुरगाव बंदरात जहाजं रिकामी होतात, वाघिणी भरतात आणि सावर्डे, कुळे, कॅसलरॉक करत कोळसा घाटापलीकडच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. त्या धुळीवरून गोव्यात मोर्चे निघाले, 'गोंयांत कोळसो नाका' म्हणत लोक रस्त्यावर आले, २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला माणसं रात्री रुळांवर जाऊन बसली.

धूळ दिसते म्हणून तिच्यावर भांडता येतं. पण हाच कोळसा जमिनीतून वर निघताना जो मिथेन सुटतो, तो गोव्यापर्यंत येतच नाही. भारत जो कोकिंग, म्हणजे पोलादासाठी लागणारा, कोळसा आयात करतो त्याचा सगळ्यांत मोठा पुरवठादार ऑस्ट्रेलिया, आणि तिथला बहुतेक कोकिंग कोळसा क्वीन्सलँडच्या बोवेन खोऱ्यातला. वायू तिथल्या हवेत गेला, काळी भुकटी आपल्या वाट्याला आली. तो वायू घरबसल्या पाहता येतो. साधा लॅपटॉप, बरं इंटरनेट, दोन-तीन फुकटची खाती आणि भरपूर संशय एवढं भांडवल पुरतं. यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. का, ते पुढे माझ्या फजितीवरून कळेलच.

आधी वायू कुठून निघतो ते समजून घ्या

कोळसा तयार होताना त्याच्याबरोबर मिथेनही तयार होतो आणि दाबाखाली कोळशाच्या बारीक छिद्रांना चिकटून राहतो. थर जितका खोल, तितका साधारणपणे वायू जास्त. खणायला लागलं की दाब उतरतो आणि वायू मोकळा होतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये आलं की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून भूमिगत खाणीत मोठाले पंखे लावून हवा सतत फिरवतात. आपल्याकडच्या कोळसा खाण नियमांप्रमाणे खाणीच्या एखाद्या भागातून परतणाऱ्या हवेत हा वायू ०.७५ टक्क्याच्या वर जाता कामा नये.

नवख्यांना वाटतं, एवढ्या विरळ वायूचं काय दिसणार? हिशेब करून पाहा. पंखा सेकंदाला २०० घनमीटर हवा बाहेर फेकतो आणि तिच्यात अर्धा टक्का मिथेन आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला एक घनमीटर मिथेन, वजनात साधारण ०.६६ किलो. तासाला झाले जवळजवळ २.४ टन, आणि पंखा चोवीस तास बंद होत नाही. माणसाचा जीव वाचवण्यासाठी पातळ केलेला वायू आकाशातून बघणाऱ्याला मात्र भरगच्च दिसू शकतो.

भूमिगत खाणीत शोधायच्या जागा दोन: पंख्याच्या हवेची विहीर, म्हणजे शाफ्ट, आणि खणण्याआधी वायू काढून घेण्यासाठी मारलेली भोकं. शाफ्टचा लोट सलग असतो, भोकांचा अधूनमधून. उघड्या खाणीत असं एक तोंड नसतं. वायू अख्ख्या खड्ड्यातून पसरट निघतो आणि पकडायला अवघड जातो.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो. चंद्रपूर-वणीला कुणाचे तरी मामा असतातच, त्यामुळे पहिला मोह तिथल्या खाणी तपासायचा होतो. भारतातला बहुतेक कोळसा उघड्या आणि कमी खोलीच्या खाणींतून निघतो, त्यात वायू कमी. आपल्याकडे खाण सुरक्षा महासंचालनालय थरांना पहिली, दुसरी, तिसरी अशी वायूची श्रेणी देतं. टनामागे १० घनमीटरच्या वर वायू निघाला की तिसरी. झारखंडमधली धनबादजवळची मुनीडीह ही अशी तिसऱ्या श्रेणीची खाण. चंद्रपुरात काही दिसलं नाही म्हणजे तुमचं चुकलं असं नाही. शिकायला बोवेन, चीनचा शान्शी प्रांत, पोलंडचा सायलेशिया ही ठिकाणं बरी. बंदरावरच्या ढिगातूनही उरलासुरला वायू थोडाफार सुटत असेल, पण तो उपग्रहाच्या नजरेत येण्याजोगा नाही. सडा डोंगरावरच्या पोरांनी मला हा प्रश्न दर वेळी विचारलेला आहे.

उपग्रह नेमकं काय बघतो

सूर्यप्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि परत वर जातो. म्हणजे हवेतून दोनदा जातो. त्या प्रकाशात आपल्या डोळ्यांना न दिसणारा लघुतरंग अवरक्त भाग असतो, त्यातल्या १.६५ आणि २.३ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश मिथेन शोषून घेतो. तिथे प्रकाश नेहमीपेक्षा कमी परत आला तर वाटेत मिथेन जास्त होता असं म्हणायला जागा आहे. 'जागा आहे' एवढंच.

यातूनच सगळ्या अडचणी निघतात. रात्री काही दिसत नाही. ढग आले की संपलं. पाणी या प्रकाशात काळंकुट्ट असतं, त्यामुळे समुद्रावर ऊन चकाकत असेल तरच काही हाती लागतं. आणि जमीनच काळी, ओली किंवा चित्रविचित्र असेल तर ती स्वतःच प्रकाश खाते आणि आळ मिथेनवर येतो.

कुठला उपग्रह कशासाठी

दोन जाती लक्षात ठेवा. एक घारीसारखी उंचावरून सगळा गाव बघणारी, दुसरी एकाच छपराकडे टक लावणारी.

पहिल्या जातीतला ट्रोपोमी. हे यंत्र सेंटिनेल-५पी उपग्रहावर ऑक्टोबर २०१७ मध्ये गेलं आणि रोज जवळजवळ सगळी पृथ्वी बघतं. त्याचा एक पिक्सेल साधारण ७ गुणिले ५.५ किलोमीटरचा. आपला ३,७०२ चौरस किलोमीटरचा गोवा त्यात शंभराहून कमी चौकोनांत संपतो. वेळ स्थानिक सूर्याप्रमाणे दुपारी दीडची, म्हणजे आपल्या घड्याळात दोनच्या आसपास. हुमण-भात जेवून गोवा डुलकी घेत असतो तेव्हा. ट्रोपोमीवर 'या टापूत काहीतरी आहे' एवढं कळतं. कुठल्या खाणीतून, कुठल्या शाफ्टमधून, हे त्याला विचारू नका.

दुसऱ्या जातीत गर्दी आहे. सेंटिनेल-२ चे बी ११ आणि बी १२ हे दोन बँड, म्हणजे प्रकाशाचे पट्टे, २० मीटरच्या पिक्सेलचे, फुकट आणि सर्वांना खुले. मुळात तो पिकं-जंगलं बघायला सोडलेला, मिथेन हा त्याचा जोडधंदा. इटलीचा प्रिझ्मा आणि जर्मनीचा एनमॅप ३० मीटरचे, पण रोज सगळीकडे बघत नाहीत. कॅनडाची जीएचजीसॅट ही खासगी कंपनी २५ मीटरच्या आसपास बघते आणि तासाला शे-दोनशे किलोचे झोतही पकडते, पण कच्चा डेटा विकत घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये गेलेल्या टॅनेजर-१ या उपग्रहाला दिसलेले लोट कार्बन मॅपर या संस्थेच्या नकाशावर बघता येतात. मिथेनसॅटचं नाव जुन्या लेखांत भेटेल. त्याचा संपर्क जून २०२५ मध्ये तुटला, तेव्हा त्याची वाट बघू नका.

माझं आवडतं एमिट. नासाने जुलै २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवलं ते वाळवंटी धुळीतली खनिजं ओळखायला. धूळ मोजायला गेलेलं यंत्र मिथेन पकडू लागलं, हे वास्कोच्या माणसाला आवडणारच. पिक्सेल ६० मीटरचा, डेटा फुकट. मर्यादा अशी की स्थानक ५२ अंश अक्षांशाच्या पलीकडे जात नाही. सायबेरियातल्या कुझबासच्या खाणी त्याच्या आवाक्याबाहेर राहतात.

पहिला सराव गोव्यावर करा

गोव्यात कोळशाची एकही खाण नाही, म्हणूनच सराव इथे करायचा. जिथे काही नाही तिथे 'काही नाही' असं उत्तर तुम्हाला मिळतंय का, हे आधी बघा. हे टाळून थेट खाणीवर जाणारे सगळे एकाच खड्ड्यात पडतात. मीही पडलो, आणि तो खड्डा डिचोलीचा होता.

कृती अशी. कोपर्निकस डेटा स्पेस या युरोपीय संकेतस्थळावर खातं उघडा. सेंटिनेल-२ चे डिचोली-साखळी भागाचे दोन स्वच्छ दिवस निवडा. दोन्ही एकाच कक्षेतले असू द्या, नाहीतर उपग्रहाची तिरपी नजर बदलते. डेटा पातळी १सी ची घ्या. २ए मध्ये हवेचा परिणाम आधीच पुसायचा प्रयत्न केलेला असतो, आणि आपल्याला तर हवाच बघायची आहे. मग प्रत्येक दिवसासाठी बी १२ ला बी ११ ने भागा. मिथेन बी १२ मधला प्रकाश जास्त खातो, बी ११ मधला अगदी कमी, म्हणून लोटाच्या जागी हा भागाकार उतरतो. प्रत्येक चित्राला त्याच्याच मध्यकाने भागून दोन्ही एका पातळीवर आणा आणि एकातून दुसरं वजा करा. जमीन तीच असल्यामुळे ती बरीचशी वजा होते. उरतो तो बदल. हे सगळं गूगल अर्थ इंजिनमध्ये वीस-पंचवीस ओळींत होतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर रास्टर कॅल्क्युलेटर पुरे.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा नोव्हेंबरातून मार्च वजा केला आणि एका बंद पडलेल्या लोहखाणीवर सुरेख, लांबट, शेपटीवाला डाग उमटला. तासभर मी हवेत. भाच्याला फोनही लावून झाला. तो डिचोलीचाच, त्याने शांतपणे विचारलं, "मामा, त्या खड्ड्यात नोव्हेंबरात पाणी किती असतं माहीत आहे ना?" पावसाने भरलेला खड्डा मार्चपर्यंत आटला होता आणि उघडी पडलेली ओली माती डागाची शेपटी झाली होती.

आता मी नवख्यांना मुद्दाम तिथेच पाठवतो. तांबडी माती, डंप, गाळाचे बांध, गढूळ पाणी, त्याला चिकटून हिरवंगार काजूचं रान: खोटे लोट बनवायला याहून चांगली जागा नाही. बागा घाला, मांडवीकाठची खाजनं घाला, फोंड्याच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं घाला. प्रत्येक खोट्या डागाचं कारण शोधून वहीत लिहा. पंधरा-वीस कारणं जमली की नजर तयार होते. माझ्या वहीत ढगाची सावली आणि काजूत लावलेली आग या दोघांनी सगळ्यांत जास्त पानं खाल्ली आहेत.

ट्रोपोमीचाही असाच सराव करा. मिथेनच्या फाइलमध्ये क्यूए व्हॅल्यू नावाचा दर्जाचा आकडा असतो, ०.५ च्या वरचेच पिक्सेल ठेवा. गोव्यावर हे केलं की निम्मा नकाशा रिकामा होतो, कारण अर्धं पाणी, अर्धी जमीन असलेले पिक्सेल भरवशाचे नसतात, आणि चतुर्थीच्या आसपास तर ढगांमुळे काहीच उरत नाही. रिकामी जागा बघून घाबरू नका आणि ती भरूही नका. पार्श्वभूमी साधारण १,९०० पीपीबीच्या (अब्जातल्या भागांच्या) आसपास दिसेल. आपण शोधतो ते तिच्यावरचे काही दहा पीपीबी.

मग वाळवंट, मग खाण

सेंटिनेल-२ ला कोरडी, उजळ, एकसारखी जमीन आवडते. हात बसवायला अल्जेरियातल्या हासी मसूदचा तेलपट्टा घ्या. तिथे वाळूवर खरा लोट पहिल्यांदा दिसतो तेव्हा कळतं की खरा लोट आणि डिचोलीचा डाग यांत फरक काय. खरा लोट एका टोकाला गडद आणि अरुंद असतो, पुढे पसरत फिका होतो, आणि खालच्या जमिनीच्या रेषांना जुमानत नाही. रस्ता, शेताची कड, तळ्याचा काठ यांच्याबरोबर डाग वळत असेल तर तो जमिनीचा.

आता बोवेन. खाणींच्या जागा ग्लोबल एनर्जी मॉनिटरच्या कोळसा खाणींच्या नकाशावर मिळतात. मी हेल क्रीक सुचवतो. ही उघडी खाण. अशा खाणींतून फारसं काही निघत नाही असा समज होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रोपोमीच्या २०१८-१९ च्या मोजणीवरून या भागातल्या सहा खाणींतून मिळून वर्षाला सुमारे ५ लाख ७० हजार टन मिथेन निघतो असा अंदाज आला, आणि त्यातला सुमारे ४० टक्के एकट्या हेल क्रीकचा.

ट्रोपोमीवर एका दिवसाचं चित्र घेऊन बसू नका. काही महिन्यांचे चांगले दिवस जमवा आणि प्रत्येक दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे खाणीच्या वरच्या बाजूची (जिकडून वारा येतो) आणि खालच्या बाजूची (जिकडे तो जातो) सरासरी वेगळी काढा. खालची बाजू सातत्याने चढी निघाली तर काहीतरी आहे. जवळून बघायला एमिटची त्या भागावरची दृश्यं नासाच्या अर्थडेटावरून उतरवा. मिथेनची तयार प्रतही मिळते. तिथली जमीन गवताळ आणि ठिगळाठिगळांची, तेव्हा सेंटिनेल-२ कडून फार अपेक्षा नको.

ऋतूंचा एक योग आपल्या बाजूने आहे. जून ते सप्टेंबर आपलं आकाश बंद असतं तेव्हा बोवेनमध्ये कोरडा मोसम असतो. नोव्हेंबर ते मे गोवा आणि धनबाद, पावसाळ्यात क्वीन्सलँड, अशी वाटणी करा.

वारा आणि ताशी किती

डाग सापडला की लगेच वारा बघा. युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए५ हा तासातासाचा वारा फुकट देतो. सेंटिनेल-२ स्थानिक सूर्याप्रमाणे साडेदहाच्या सुमारास जातो, तोच तास घ्या. एमिटची वेळ ठरलेली नसते, फाइलवर लिहिलेली असते. लोट वाऱ्याच्या दिशेने आडवा झालेला नसेल तर तो डाग बाजूला ठेवा. वारा मंद असेल तेव्हा लोट वाटेल तसा वळतो आणि हिशेबही बिघडतो. ईआरए५ चा चौकोन तीसेक किलोमीटरचा असल्यामुळे डोंगराळ जागी तो सपशेल चुकतो, हे घाटाकडे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता वजन. एमिटचे आकडे पीपीएम-मीटरमध्ये असतात. १,००० पीपीएम-मीटर म्हणजे चौरस मीटरमागे साधारण ०.६६ ग्रॅम मिथेन. एक पिक्सेल ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० चौरस मीटर. त्यात झाले सुमारे २.४ किलो. लोटात असे २०० पिक्सेल असतील तर एकूण ४७५ किलोच्या आसपास. लोटाचं क्षेत्रफळ ७ लाख २० हजार चौरस मीटर. त्याचं वर्गमूळ सुमारे ८५० मीटर, ही लोटाची लांबी धरतात. 'परिणामी वारा', म्हणजे लोटाला प्रत्यक्ष पुढे नेणारा वारा, सेकंदाला २ मीटर धरला, तर

४७५ × २ ÷ ८५० = सेकंदाला १.१ किलो,

म्हणजे ताशी सुमारे ४ टन. हा परिणामी वारा म्हणजे ईआरए५ चा दहा मीटर उंचीवरचा वारा जसाच्या तसा नव्हे. प्रत्येक यंत्रासाठी त्याचं रूपांतर वेगळं करतात, ते त्या यंत्राच्या पद्धतीतून घ्या. एवढं करूनही ३० ते ५० टक्के इकडेतिकडे होतंच, बहुतेक वाऱ्यापायी. '४ टन' असं एकटं कधी लिहू नका, '२ ते ६ टन' लिहा.

आणि हा त्या क्षणाचा आकडा आहे. त्याला ८,७६० तासांनी गुणून वर्षाचा आकडा काढायचा मोह सगळ्यांना होतो. १४ जानेवारी २०२२ रोजी जीएचजीसॅटला कुझबासच्या रास्पादस्काया खाणीवर १३ लोट दिसले, मिळून ताशी सुमारे ९० टन. भोकांतून सोडलेला वायू थांबला की उद्या तिथे काहीच नसू शकतं. वेगवेगळ्या दिवसांची दहा-बारा दृश्यं नसतील तर वर्षाचं नाव काढू नका. आणि लोट दिसला नाही ते दिवसही मोजा. ते वगळले की सरासरी फुगते.

पडताळा, आणि मग कुणाला सांगायचं

तुम्हाला दिसलेलं इतरांनी पाहिलंय का ते तपासा. कार्बन मॅपरचा नकाशा, संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या मिथेन वेधशाळेची यादी, डच संस्था एसआरओएनचे ट्रोपोमीवर आधारलेले नकाशे: तिन्ही खुले आहेत. त्यांचे लोट आधी बघून मग तेच शोधायला जाऊ नका. आधी स्वतः शोधा, वहीत लिहा, मगच नकाशा उघडा. उलट केलं की डोळ्यांना हवं ते दिसतं.

कुठेही टाकायच्या आधी दुसऱ्या यंत्राचं किंवा निदान दुसऱ्या दिवसाचं दृश्य हवं. खाणीजवळ वायू प्रकल्प, कचऱ्याचा डोंगर किंवा दुसऱ्या कंपनीचा शाफ्ट आहे का ते नकाशावर बघा. एका डागावरून मालकाचं नाव घेणं अंगाशी येऊ शकतं. संयुक्त राष्ट्रांची इशारा यंत्रणा, मार्स, नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली. ती तज्ज्ञांकडून तपासून मगच सरकारांना आणि कंपन्यांना कळवते. तुम्ही संशोधकाला किंवा पत्रकाराला पाठवाल तेव्हा तारीख, वेळ, उपग्रह, अक्षांश-रेखांश, वाऱ्याचा वेग आणि दिशा, कुठला दिवस वजा केला, अंदाजाची खालची-वरची बाजू आणि वजाबाकीचं मूळ चित्र इतकं द्या. रंगवलेलं चित्र एकटं पाठवू नका. लाल रंग दिला की डिचोलीचा खड्डासुद्धा धुमसताना दिसतो.